एरर आली की सिस्टीम उडवायची नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुमच्या टेक्नॉलॉजीच्या सदरात एका वाचकानं विचारलं होतं की लिनक्सवर एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर सोर्सवरून कंपाइल करायला (म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायला) घेतलं तर ‘मेक’ ही कमांड दिल्यावर मध्येच थांबतंय, शेवटी ‘एरर २’ असं येतं, काय करू. त्यावर तुमच्या तज्ज्ञांचं उत्तर असं की सिस्टीम करप्ट झाली असावी, बॅकअप घेऊन उबंटूचं (लिनक्सच्या एका प्रकाराचं) लेटेस्ट व्हर्जन नव्याने टाका आणि शक्यतो असल्या भानगडीत पडू नका, तयार पॅकेज मिळतं तेच वापरा. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. नळ गळतोय म्हणून घर बदला म्हणण्यातला प्रकार झाला हा. मी एका पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असतो, डिप्लोमाची पोरं रोज असल्या एरर घेऊन येतात आणि तुमचं ते उत्तर आमच्याकडे दोघातिघांनी कापून फोनमध्ये ठेवलंय, म्हणजे आता पुढचे काही महिने लॅबमधली मशीन्स फॉरमॅट होत राहणार.

(कमांड आणि मेसेज इथे पेपरात छापायच्या म्हणून देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.)

पहिली गोष्ट म्हणजे ‘एरर २’ ही एरर नाहीच. मेक हा प्रोग्रॅम स्वतः काही कंपाइल करत नाही, तो फक्त कुठली फाइल बदललीये, काय परत बनवायला लागेल ते बघतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो. आत फोल्डरमध्ये फोल्डर असतात, बऱ्याचदा प्रत्येकात वेगळं मेक चालतं. आतल्या जीसीसीला (म्हणजे कंपायलरला) एखादी फाइल कंपाइल करता आली नाही की तिथलं मेक ‘एरर १’ म्हणून थांबतं, मग त्याच्या बाहेरचं मेक म्हणतं आतलं फसलं, ‘एरर २’, मग त्याच्या बाहेरचं पुन्हा तेच. म्हणजे स्क्रीनवर सगळ्यात खाली जे दिसतं ती नुसती वर पोचवलेली बातमी. खरं कारण वर असतं, कधी पंधरावीस ओळी वर, कधी पाचशे. वर जात जात जिथे पहिल्यांदा ‘एरर’ किंवा ‘फेटल एरर’ शब्द दिसतो तिथे थांबायचं आणि ती एक ओळ नीट वाचायची, खालच्या बाकी सगळ्या बहुतेक वेळा तिच्याचमुळे आलेल्या असतात. तुमच्या तज्ज्ञांनी त्या वाचकाला एवढंच विचारायला हवं होतं की बाबा, त्याच्या वर काय लिहिलंय?

पोरं काय करतात तर स्क्रीनच्या शेवटच्या तीन ओळींचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, तोही तिरका. शिवाय कुठूनतरी बघून ‘मेक हायफन जे ८’ दिलेलं असतं म्हणजे आठ कामं एकदम चालू, मग आठ जणांचे मेसेज एकमेकांत मिसळतात आणि ज्यानं काम मोडलं त्याची ओळ भलतीकडेच वर जाऊन बसते. मी सांगतो परत एकदा नुसतं मेक चालव, ते ‘हायफन जे ८’ काढून टाक, आणि सगळं आउटपुट एका फाइलमध्ये घे, मग त्या फाइलमध्ये एरर शब्द सर्च कर. निम्मे जण तिथूनच परत येत नाहीत कारण उत्तर सापडलेलं असतं.

आता उदाहरणच देतो. आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाने जुने वार्षिक अहवाल स्कॅन करून ठेवलेत आणि त्यातला मजकूर सर्च करता यावा म्हणून आमच्या एका बॅचनं प्रोजेक्ट घेतला. त्यासाठी टेसरॅक्ट हे ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणारं) सॉफ्टवेअर लागतं, एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ च्या काळात बनलेलं, २००५ साली ओपन सोर्स झालं, पुढे बरीच वर्षं गुगलनं पोसलं, आणि त्याला मराठी येतं. उबंटू २२.०४ वर ते तयार पॅकेज म्हणून ४.१.१ मिळतं, पोरांना हवं होतं ५, जे नोव्हेंबर २०२१ मध्ये आलं होतं पण त्या उबंटूत घेतलेलं नाही. मग सोर्सवरून करणं आलं. इथे ‘असल्या भानगडीत पडू नका’ म्हणून चालत नाही, काही वेळा तो एकच रस्ता असतो.

पहिलीच ठेच गिटहबवर, म्हणजे ओपन सोर्सचा कोड जिथे ठेवतात त्या साइटवर. हिरव्या बटणावरून झिप उतरवली आणि लगेच डॉट-स्लॅश-कॉन्फिगर (मशीनवर काय काय आहे ते आधी तपासणारी स्क्रिप्ट), तर म्हणे ‘नो सच फाइल’. अहो नसणारच, कॉन्फिगर ही फाइल तिथे ठेवलेलीच नसते, ती ऑटोजेन नावाची स्क्रिप्ट चालवून बनवायची असते. ऑटोजेन चालवलं, कॉन्फिगर बनलं, चालवलं तर मध्येच ‘सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन’. ही मात्र खरंच फसवी आहे. वाचणाऱ्याला वाटतं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीच कोडमध्ये चूक केलीये, आमचा एकजण तर तशी तक्रार गिटहबवर टाकायला निघाला होता. कारण असं की ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह नावाचं एक छोटं पॅकेज मशीनवर नव्हतं. कॉन्फिगर बनवताना काही मॅक्रो (कोडचे तयार तुकडे) तिथून येतात, ते सापडले नाहीत तर ऑटोजेन कुरकुर न करता तो मॅक्रो जसाच्या तसा कॉन्फिगरमध्ये सोडून देतं, मग शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) तो स्वतःची कमांड समजून वाचायला जातं आणि कंसापाशी अडखळतं. कॉन्फिगर उघडून ज्या नंबरची ओळ सांगितलीये तिथे गेलं की एएक्स अंडरस्कोअर असं सुरू होणारं एक लांबलचक नाव दिसतं, शेल स्क्रिप्टमध्ये जे दिसायलाच नको. पॅकेज टाकायचं, ऑटोजेन परत चालवायचं (हे विसरतात आणि मग म्हणतात पॅकेज टाकूनही तेच येतंय), पुढे चला.

पुढे ‘लेप्टोनिका १.७४ ऑर हायर इज रिक्वायर्ड’. लेप्टोनिका ही टेसरॅक्टला लागणारी चित्रांची लायब्ररी. आता या मेसेजमध्येच पुढे लिहिलेलं असतं की लिबलेप्टोनिका-डेव्ह हे पॅकेज टाकून बघा. तरी पोरगा सांगतो, सर लेप्टोनिका आहे की माझ्याकडे! असेलही. पण चालू प्रोग्रॅमला नुसती लायब्ररी पुरते आणि कंपाइल करायला तिच्या हेडर फाइल (लायब्ररीत काय काय आहे ते सांगणाऱ्या) लागतात, त्या उबंटू-डेबियनवर डेव्ह शेपटीच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, फेडोरावर शेपटी डेव्हेल. ‘झेडलिब डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ ही जगातली बहुधा सगळ्यात जास्त सर्च झालेली एरर असेल, तिचंही औषध तेच, झेडलिब१जी-डेव्ह. कुठली हेडर कुठल्या पॅकेजमध्ये ते पाठ करायची गरज नाही, ॲप्ट-फाइल नावाची कमांड शोधून देते. एवढं कळलं तरी माझ्या अंदाजानं लॅबमधल्या निम्म्याहून जास्त एरर जागीच मरतात.

शेवटी झालं एकदाचं कंपाइल, मेक इन्स्टॉल पण झालं, प्रोग्रॅम चालवला तर ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’. सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकारात) एलडीकॉन्फिग, ही लायब्ररींची नोंद घेणारी कमांड, एकदा चालवली की जाते. मग म्हणे ‘फेल्ड लोडिंग लँग्वेज एमएआर’, मराठी सापडेना. गंमत अशी की मराठीची फाइल मशीनवर होती! पॅकेजमधून आलेली मराठी यूएसआर-शेअरच्या खाली टेसरॅक्ट-ओसीआर फोल्डरात पडलेली आणि आपण कंपाइल केलेलं टेसरॅक्ट बघतंय यूएसआर-लोकल-शेअरमध्ये. एमएआर डॉट ट्रेनडडेटा नावाची ती फाइल तिथे नेऊन ठेवली आणि चालू. यात सिस्टीम करप्ट कुठे होती सांगा? प्रत्येक ठिकाणी मशीन आपल्याला काय हवं ते सांगत होतं.

कॉन्फिगर नेमकं काय करतं हे पण कुणी शिकवत नाही म्हणून दोन ओळी. ते एक इवलासा सी प्रोग्रॅम लिहितं, कंपाइल करून बघतं, झाला तर ‘येस’ छापतं नाही तर ‘नो’. कंपायलर तेव्हा नेमकं काय बोलला ते कॉन्फिग डॉट लॉग फाइलमध्ये लिहून ठेवतं. ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ असं आलं की लोक घाबरतात, कंपायलरच गेला वाटतं. लॉग उघडला तर आत सरळ लिहिलेलं असतं की लिंकरला (तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्याला) सीआरटी१ डॉट ओ ही फाइल सापडली नाही, म्हणजे जीसीसी आहे पण सी लायब्ररीचं डेव्ह पॅकेज नाही. बिल्ड-इसेन्शियल टाका, संपलं. हा लॉग लांबलचक असतो खरा पण शेवटून वर वाचायचा, अगदी शेवटी सगळे व्हेरिएबल छापलेले असतात ते ओलांडायचे.

आता आपल्याकडच्या लॅबमधली खास कारणं, ही इंटरनेटवरच्या उत्तरांत सहसा मिळत नाहीत कारण तिकडे कुणी पेनड्राइव्हवर कंपाइल करत नसावं. आमच्याकडे करतात. सोर्स पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह फॅट फॉरमॅटचा, त्यावर सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) बनत नाही आणि फाइलला एक्झिक्युटची परमिशन राहत नाही, मग ‘परमिशन डिनाइड’ नाहीतर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. मग पोरं पुढे सुडो लावतात, तरी तेच, मग चिडतात. फोल्डर होममध्ये कॉपी करायचा आणि पेनड्राइव्ह खिशात ठेवायचा. किंवा सोर्स विंडोजवर उघडून तिथल्या एडिटरमध्ये सेव्ह केलेला, ओळींच्या शेवटी विंडोजचं जादा अक्षर चिकटलेलं, लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रीटर’ आणि नावाच्या शेवटी ते टोपीवालं एम. त्याला डॉस-टू-युनिक्स नावाची छोटी कमांड आहे. फोल्डरचं नाव ‘फायनल प्रोजेक्ट न्यू’, मध्ये स्पेस, की कॉन्फिगर म्हणतं ‘अनसेफ ॲब्सोल्यूट वर्किंग डिरेक्टरी नेम’. कुणीतरी मेकफाइल (मेकला काय करायचं ते सांगणारी फाइल) व्हॉट्सॲपवर पाठवलेली असते, तिच्यात कमांडच्या आधी टॅबच लागतो आणि त्या जागी स्पेस झालेल्या, ‘मिसिंग सेपरेटर, स्टॉप’. या टॅबचा किस्सा जुना आहे, मेक लिहिणारे स्टुअर्ट फेल्डमन, बेल लॅब्ज, १९७६. टॅबची अडचण त्यांच्या लवकरच लक्षात आली होती पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यांचं बिघडायला नको म्हणून तसंच ठेवलं. त्या डझनभर लोकांपायी आज आमच्या लॅबमध्ये पोरं टॅब शोधत बसतात!

आणि सगळ्यात भारी, घड्याळ. जुन्या मशीनचा मदरबोर्डवरचा सेल मेलेला, लाइट गेली की तारीख पार मागे. कॉन्फिगर म्हणतं ‘न्यूली क्रिएटेड फाइल इज ओल्डर दॅन डिस्ट्रिब्यूटेड फाइल्स, चेक युवर सिस्टीम क्लॉक’. मेकचा सगळा हिशेबच फाइलच्या वेळेवर चालतो, आताच बनवलेली फाइल जर आलेल्या सोर्सपेक्षा जुनी दिसत असेल तर तो तरी काय करणार. गिट क्लोन (नेटवरून कोड उतरवणं) पण होत नाही कारण साइटचं सर्टिफिकेट त्या तारखेला अजून सुरूच झालेलं नसतं. अशा मशीनवर तुमच्या सल्ल्याप्रमाणे उबंटू दहा वेळा टाकलं तरी लाइट गेली की एरर हजर. सीआर२०३२ सेल, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी मुळात पत्र लिहायला बसलो. ‘लेटेस्ट व्हर्जन टाका’ हा सल्ला नुसता बिनकामाचा नाही, उलटा पडणारा आहे. कारण आजकाल जुना सोर्स न चालण्याचं एक मोठं कारण म्हणजे नवीन कंपायलर. जीसीसी १० आलं २०२० मध्ये आणि दोन फाइलमध्ये एकच ग्लोबल व्हेरिएबल लिहिलेलं आधी खपून जायचं ते ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून अडायला लागलं. जीसीसी १४, साल २०२४, फंक्शन डिक्लेअर न करता वापरलं तर आधी नुसती वॉर्निंग होती ती एरर झाली. १५ आलं २०२५ मध्ये, ते न सांगता सी२३ (सी भाषेची नवी आवृत्ती) धरून चालतं, त्यात बूल (खरं-खोटं ठेवायचा प्रकार) हा आता भाषेचा स्वतःचा शब्द, त्यामुळे जुन्या कोडमध्ये ज्यांनी आपला बूल घरी बनवला होता त्यातले बरेच गेले. पायथन ३.१२ नं ऑक्टोबर २०२३ मध्ये डिस्टयुटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं साधन) काढून टाकलं, त्यावर चालणाऱ्या जुन्या सेटअप स्क्रिप्टा पडल्या. सीमेक (मेकसाठी लागणाऱ्या फाइली बनवून देणारा प्रोग्रॅम) ४ आलं मार्च २०२५ मध्ये, त्यानं ३.५ च्या आधीची सुसंगतताच सोडून दिली, दहा वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट पहिल्याच ओळीला थांबतो. त्यासाठी तात्पुरता फ्लॅग आहे, सीमेक-पॉलिसी-व्हर्जन-मिनिमम म्हणून, एरर मेसेजमध्येच सुचवलेला असतो, पण त्यासाठी मेसेज वाचायला हवा. म्हणजे तुमच्या त्या वाचकाचा प्रोजेक्ट जर जरा जुना असेल, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टात बहुतेक असतोच, तर काल एक एरर येत होती तिथे लेटेस्ट सिस्टीम टाकल्यावर आज चार येतील. अशा वेळी उलट जुना कंपायलर शेजारी टाकून त्याला कामाला लावायचं असतं, एकाच उबंटूवर जीसीसीची दोन-तीन व्हर्जन्स सुखाने राहतात, कॉन्फिगरला सीसी म्हणून कुठलं वापरायचं ते सांगितलं की झालं.

सदरातल्या एका वाक्याशी मात्र मी सहमत आहे, तयार पॅकेज मिळत असेल आणि ते पुरत असेल तर तेच घ्या. उगाच हौस म्हणून चार जीबी रॅमच्या मशीनवर मोठं सी++ सॉफ्टवेअर कंपाइल करायला बसू नये, तासाभरानं मेसेजमध्ये ‘किल्ड’ असा शब्द येतो, कोडमध्ये काही नसतं, मेमरी संपून कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) कंपायलरलाच मारलेलं असतं. करायचंच असेल तर मेकच्या ‘जे’पुढचा आकडा कमी करा, स्वॅप (मेमरी म्हणून वापरायची डिस्कवरची जागा) वाढवा आणि जेवून या.

आणि हो, सुडो. इंटरनेटवर सापडलेली प्रत्येक कमांड सुडो लावून चिकटवायची सवय आपल्याकडे भयंकर वाढलीये. कंपाइल करायला सुडो लागत नाही, फक्त शेवटच्या इन्स्टॉलला लागतो, आणि प्रीफिक्स म्हणून (म्हणजे कुठे इन्स्टॉल करायचं ते) स्वतःचा होम फोल्डर दिला तर तोही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत मागचं दार सापडलं होतं ते नेमकं या बिल्डच्या स्क्रिप्टांतूनच घुसवलेलं होतं, गिटमध्ये जी ओळ नव्हती ती रिलीजच्या टारबॉलमधल्या (सोर्सच्या एकत्र गठ्ठ्यातल्या) मॅक्रो फाइलमध्ये होती. ५.६.० आणि ५.६.१ ही दोन व्हर्जन्स. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं आणि त्यानं मागोवा घेत शोधून काढलं, नाहीतर अजून किती दिवस चाललं असतं कोण जाणे. आमच्या पोरांनी एवढं शोधावं असं नाही म्हणत मी. पण स्क्रीनवर काय चाललंय ते बघायची सवय तरी लागू दे.

ती सवय लावणार कोण? सिलॅबसमध्ये सी आहे, सी++ आहे, जावा आहे, सगळे प्रोग्रॅम एका फाइलचे, स्वतः लिहायचे, चालवायचे, जर्नलला चिकटवायचे. दुसऱ्याचा दोनशे फाइलींचा कोड आणून आपल्या मशीनवर बांधायचा हे मी तरी आमच्याकडे एकाही प्रॅक्टिकलमध्ये पाहिलेलं नाही, आणि नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात हेच करावं लागतं, जुनी पोरं फोन करून सांगतात. एक प्रॅक्टिकल ठेवा ना, मुद्दाम दोन पॅकेज कमी असलेलं मशीन द्या, एक चालू स्थितीतला ओपन सोर्स प्रोजेक्ट द्या, आणि मार्क कंपाइल झाल्याला नाही तर कुठली एरर आली, तिचा अर्थ काय लावला, काय केलं हे लिहिण्याला. व्हायवाला ‘मेक म्हणजे काय’ची व्याख्या विचारण्यापेक्षा बरं. सोय नाही असंही नाही, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सचे, सी-सी++चे धडे मराठी आवाजात फुकट आहेत, तेवढा पाया पुरतो.

तुमच्या सदराकडूनही एक मागणं. वाचकाचा प्रश्न छापताना त्याच्याकडून पूर्ण मेसेज, सिस्टीमचं व्हर्जन आणि त्यानं दिलेली कमांड एवढं मागवा, जागा कमी असेल तर उत्तर पुढच्या रविवारी द्या. कुणाच्या मशीनची भाषा मराठी ठेवलेली असेल तर त्याला कमांडच्या आधी ‘एलसी-अंडरस्कोअर-ऑल इक्वल-टू सी’ लावायला सांगा, मेसेज इंग्रजीत येतो आणि सर्च करता येतो.

आणि त्याच उत्तरात शेवटी लिहिलंय की इन्स्टॉल झाल्यावर सोर्सचा फोल्डर डिलीट करून जागा मोकळी करा. नका करू, निदान लगेच नका करू. ॲप्टला (उबंटूच्या पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला) तुम्ही हाताने टाकलेल्या सॉफ्टवेअरचा पत्ता नसतो, ते काढायचं तर बऱ्याच प्रोजेक्टांत मेक अनइन्स्टॉल त्याच फोल्डरमधून चालवावं लागतं, आणि फोल्डर गेला असेल तर यूएसआर-लोकलमधून एकेक फाइल हुडकत बसा.

आपला नियमित वाचक,
एक लॅब असिस्टंट, मिरज
(नोकरीचं ठिकाण आणि नाव छापू नये ही विनंती)